घरातली घातक रसायनं कमी कशी करायची: आधी काय काढायचं, मग काय आणायचं

आमच्याकडे बाळ रांगायला लागलं आणि त्याच पावसाळ्यात सासूबाईंचा दमा बळावला, म्हणून मी घरातल्या बाटल्या, डबे, ट्यूबा आणि पुड्या एकेक करून तपासायला घेतल्या. हे काम करताना माहितीचा नुसता पूर येतो. एकीकडे सगळ्याच गोष्टींनी कॅन्सर होतो असं सांगणारे, तर दुसरीकडे दुप्पट किमतीची ‘केमिकल-फ्री’ उत्पादनं विकणारे. या गोंधळात नव्याने पडणाऱ्यांसाठी मी हा क्रम लिहून ठेवते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. या कामाला पैसे लागत नाहीत. नवीन काही आणण्याआधी जे काढून टाकायचं ते काढा, घराचा निम्म्याहून जास्त फायदा तिथेच होतो. आणि घरातल्या सगळ्या वस्तू सारख्या धोक्याच्या नसतात. दोन मिनिटांत धुऊन जाणाऱ्या शांपूची काळजी करत बसायचं आणि बंद मोरीत ॲसिड ओतायचं, याला अर्थ नाही.

हाताशी काय हवं

वही-पेन, मोबाइलचा कॅमेरा (लेबलवरची अक्षरं इतकी बारीक असतात की फोटो काढून मोठा करूनच वाचता येतात), रबरी हातमोजे, मार्कर, झाकणाचा एक मजबूत खोका आणि मुलाचा हात पोचणार नाही असं एक कपाट. शिवाय ज्या वस्तूची शंका आहे तिचं बिल आणि वेष्टन. हे लगेच फेकू नका, तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा असतो.

1. घरभर फिरून यादी करा

मोरी, संडास, सिंकखालचा कप्पा, देवघर, कपाटाचे खण, माळा, आरशासमोरचं फडताळ. प्रत्येक वस्तूपुढे तीन प्रश्नांची उत्तरं लिहा: ही श्वासातून आत जाते का? ही अंगावर तासन्तास राहते का? ही लहान मुलाच्या तोंडात जाऊ शकते का? ज्या वस्तूला दोन ‘हो’ मिळाले ती आधी हातात घ्यायची. एकही ‘हो’ नसेल तर ती सध्या आहे तिथेच राहू द्या.

लेबल नसलेली बाटली दिसली की तिला प्रश्न विचारायचेच नाहीत. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेलं ॲसिड, पाण्याच्या बाटलीतलं रॉकेल किंवा थिनर हे मुलांच्या विषबाधेचं जुनं आणि टाळता येण्यासारखं कारण आहे. ती बाटली त्याच दिवशी हलवा.

2. मोरी आणि संडास: दोन बाटल्या कधीही एकत्र करू नका

संडास साफ करायच्या बहुतेक जाड, निळसर द्रवांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, साधारण 10 टक्क्यांच्या आसपास. कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला गेलेला हाच तो वायू. आपल्याकडे संडास-मोरी एवढीशी, खिडकी एक आणि तीही डासांमुळे बंद. अशा जागी थोडासा वायूही खोकला, डोळ्यांची आग, दम्याचा झटका यांना पुरतो. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड यांचंही तेच. ब्लीच आणि अमोनिया असलेला काचेचा क्लीनर एकत्र आले तर क्लोरामाइनचे वायू निघतात.

‘घरगुती उपाय’ म्हणून फिरणाऱ्या व्हिडिओंत व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करायला सांगितलेलं दिसतं. व्हिनेगरही आम्लच आहे, त्यातूनही क्लोरीनच निघतो. व्हिनेगर आणि खायचा सोडा यांचं मिश्रण मात्र निरुपद्रवी असतं, फक्त दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात आणि फेसाखेरीज हाताला फारसं काही लागत नाही.

मी काय ठेवलं ते सांगते. रोजच्यासाठी कपड्यांच्या पावडरचं पाणी आणि चांगला ब्रश. बोअरच्या पाण्याचे पांढरे थर बसतात त्यासाठी सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व: दोन-तीन चमचे रात्री भांड्यात टाकायचे, सकाळी घासायचं. (संगमरवरावर किंवा कडाप्प्यावर वापरू नका, दगड खराब होतो.) ॲसिडचा क्लीनर ठेवायचाच असेल तर घरात ब्लीच ठेवू नका. दोन्ही एका घरात नसतील तर चुकून एकत्र येण्याचा प्रश्नच उरत नाही.

सुटं ॲसिड दारावर विकायला येणाऱ्याकडून घेऊ नका. ॲसिडच्या खुल्या विक्रीवर 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध घातले आहेत, विकणाऱ्याने नोंद ठेवणं आणि ओळखपत्र पाहणं बंधनकारक आहे.

आणि घरकामाला येणाऱ्या ताईंचा विचार करा. आपण आठवड्यातून एकदा ज्याचा वास घेतो तो त्या रोज चार-पाच घरांत घेतात. हातमोजे आणून द्या, खिडकी उघडी ठेवा, आणि कोणती बाटली कशात मिसळायची नाही हे नीट बसून सांगा. पुष्कळदा दोन बाटल्या मिसळल्या जातात त्या ‘जास्त स्वच्छ होईल’ या चांगल्या हेतूनेच.

फिनेल बादलीत अंदाजाने ओतू नका, झाकणाने मोजा. बाळ जिथे रांगतं ती जागा साध्या पाण्याने किंवा थोड्या साबणाच्या पाण्याने पुसली तरी पुरेशी स्वच्छ होते.

3. डांबराच्या गोळ्या: आजच काढा

एकच पायरी करायला वेळ असेल तर ही करा. डांबराच्या गोळ्यांत नॅफ्थॅलीन किंवा पॅराडायक्लोरोबेन्झिन असतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ही दोन्ही माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या रसायनांच्या यादीत ठेवली आहेत. पण तान्ह्या बाळासाठी धोका याहून तातडीचा आहे. काही मुलांच्या रक्तात जी6पीडी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं. नॅफ्थॅलीनच्या नुसत्या वाफेने अशा बाळाच्या तांबड्या पेशी फुटू लागतात, कावीळ झपाट्याने वाढते आणि ती मेंदूपर्यंत इजा करू शकते. मुलग्यांत ही कमतरता जास्त आढळते. रक्ताची साधी तपासणी करून ती कळते, पण आपल्याकडे प्रत्येक बाळाची ती होतेच असं नाही.

आता आपली पद्धत आठवा. पहिल्या मुलाची दुपटी, टोपरी, झबली माळ्यावरच्या ट्रंकेत डांबर गोळ्या घालून जपून ठेवलेली असतात, आणि दुसरं बाळ घरी यायच्या आदल्या दिवशी ती मायेने बाहेर काढली जातात. त्या कपड्यांत बाळाला गुंडाळायचं नाही. आधी धुवायचे, दोन-तीन दिवस उन्हात आणि मोकळ्या हवेत ठेवायचे, वास पूर्ण गेला की मगच घडी घालायची. गोदड्या आणि शालींचंही तसंच. मोरीच्या जाळीवर टाकतात त्या गोळ्याही काढा.

बदली म्हणून वैशाखातलं कडक ऊन, वाळलेला कडुलिंबाचा पाला आणि घट्ट झाकणाची पेटी पुरते. रेशमी साड्या असतील तर सुती कापडात गुंडाळा आणि वर्षातून दोनदा घडी मोडा.

4. डास आणि झुरळं

डासांपासून संरक्षण सोडायचं नाही. डेंग्यू आणि मलेरिया हे डासांच्या द्रवाच्या मशीनपेक्षा फार मोठे धोके आहेत. फक्त साधनांचा क्रम बदलायचा.

आधी पाणी: कुंडीखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, कूलर आठवड्यातून एकदा कोरडे करा. मग खिडक्यांना जाळी. मग मच्छरदाणी, बाळासाठी तर याहून चांगलं काहीच नाही. एवढं करूनही डास राहिले तर द्रवाचं मशीन संध्याकाळी लावा आणि झोपताना बंद करा. बाळाच्या उशाशी कधीच नको.

कॉइल मात्र घरातून पूर्ण काढा. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. ‘डास पळवणारी अगरबत्ती’ म्हणून टपरीवर मिळते तिच्यापासूनही सावध राहा. आपल्या देशात कोणतंही कीटकनाशक विकायचं तर केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडे नोंदणी लागते आणि वेष्टनावर ‘सीआयआर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो नसेल तर आत काय जळतंय हे कोणालाच माहीत नाही, असं समजा.

लेबलवर आणखी एक खूण शोधायला शिका. कीटकनाशकाच्या वेष्टनावर तिरका उभा चौकोन असतो आणि त्यातल्या एका त्रिकोणाला रंग दिलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सगळ्यात सौम्य हिरवा. लाल आणि पिवळ्याला घरात जागा नाही. शेतातून उरलेलं औषध ढेकणांसाठी घरी आणायची सवय गावाकडे अजून आहे. ते विष बंद खोलीसाठी बनवलेलंच नसतं.

झुरळांसाठी फवाऱ्यापेक्षा फटीत लावायचं जेल बरं, कारण ते हवेत पसरत नाही. झुरळांचा खडू पाटीवरच्या खडूसारखाच दिसतो, म्हणून मुलं असलेल्या घरात तो नको. बोरिक पावडर, साखर आणि कणकेच्या गोळ्या हा जुना उपाय काम करतो, पण त्या गोळ्या मुलाला लाडवासारख्या दिसतात. ओट्यामागे, हात न पोचणाऱ्या जागीच ठेवा.

5. बाळाच्या अंगाला आणि श्वासाला लागणारं

इथे घरातल्या मोठ्यांशी बोलावं लागतं, म्हणून ही पायरी घाईने करू नका.

धुरी: अंघोळीनंतर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरी द्यायची रीत आहे. धूर कशाचाही असो, तान्ह्या फुप्फुसांना तो धूरच असतो. सासूबाईंना मी म्हटलं, “आई, धुरी खोलीला देऊया आणि खिडकी उघडू. बाळाला अर्ध्या तासाने आत आणते.” रीत राहिली आणि बाळाच्या नाकात धूर गेला नाही. देवघरातल्या उदबत्ती-धुपालाही हाच नियम लावला, म्हणजे एकच उदबत्ती, उघड्या खिडकीशी. आईंना स्वतःलाच त्याने मोकळं वाटू लागलं, मग पुढचं पटवावं लागलं नाही.

काजळ आणि सुरमा: बाजारातल्या काही सुरम्यांत शिशाचं खनिज असतं. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीच पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिसं बुद्धीच्या वाढीवर परिणाम करतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. बाळ डोळे चोळतं, तोच हात तोंडात जातो. घरी पाडलेलं काजळही शेवटी काजळीच. डोळ्यांत काहीच घालू नका. दृष्टीसाठी तीट लावायचीच असेल तर कानामागे, जिथे बाळाचा हात सहज जात नाही.

पावडर: तालकमची पावडर उडते आणि बाळ ती श्वासात ओढतं. 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ताल्कला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. बाळाच्या सांध्यांतल्या घड्या मऊ पंचाने कोरड्या केल्या की पावडरीची गरजच राहत नाही.

कापूर: दोन वर्षांखालच्या मुलाला कापूर असलेला बाम लावू नका, आणि पूजेच्या वड्या डबीत बंद करून उंचावर ठेवा. खडीसाखरेसारख्या दिसणाऱ्या त्या वड्या मुलाने गिळल्या तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. कापराच्या पोटलीला ‘नैसर्गिक’ म्हणून बाळाच्या गळ्यात बांधणं म्हणूनच धोक्याचं आहे.

6. चेहरा, केस, कुंकू

सगळ्यात गंभीर गोष्ट गोरेपणाच्या क्रीमची. अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या तरुण मुलीला, तिच्या आईला आणि बहिणीला मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा ब्यूटिशियनकडून घेतलेल्या क्रीममध्ये पारा सापडला. 2023 च्या सुरुवातीला ही बातमी सगळीकडे आली होती. त्याच वर्षी केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनीही असेच रुग्ण नोंदवले. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होणं रोखतो, म्हणून क्रीमचा ‘गुण’ लवकर दिसतो. तोच पारा मूत्रपिंडात साठतो. उशी आणि टॉवेलवरून तो घरातल्या मुलांपर्यंतही पोचतो.

आपल्याकडच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये अनवधानाने आलेला पारादेखील दहा लाखांत एक भाग यापेक्षा जास्त चालत नाही. पण नियम लेबल असलेल्या मालाला लागतो. सुटी डबी, परदेशी लिपीतलं वेष्टन, निर्मिती परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, घटकांची यादी नाही, ‘सात दिवसांत उजळ’ असा दावा, किंवा ‘सोन्या-चांदीला लागू देऊ नका’ अशी सूचना: यांतलं काहीही दिसलं की ती डबी वापरू नका. वापरलं असेल आणि पायावर-चेहऱ्यावर सूज किंवा लघवीला फेस येत असेल तर डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

केसांच्या काळ्या रंगात पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी पहिल्यांदाच येते असं नाही, पाचव्या-दहाव्या वेळीही येऊ शकते. म्हणून दर वेळी कानामागे थेंबभर लावून 48 तास थांबा. ‘काळी मेंदी’ म्हणून विकतात त्यातही बहुतेक वेळा पीपीडीच असतं, मेंदीच्या पानाचा रंग काळा नसतो. केस सरळ करायच्या उपचारांत बऱ्याचदा फॉर्मल्डिहाइड (डोळे-नाक चुरचुरवणारा, कर्करोगकारक वायू) किंवा ग्लायोक्सिलिक ॲसिड असतं. दुसऱ्याने मूत्रपिंडाला इजा झाल्याचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. गरोदरपणी हे नकोच.

कुंकू-शेंदूर: हळदीपासून केलेलं पारंपरिक कुंकू वेगळं आणि भडक लाल-केशरी स्वस्त पूड वेगळी. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात न्यू जर्सीतल्या दुकानांतले आणि मुंबई-दिल्लीतले शेंदराचे नमुने तपासले, बहुतेकांत शिसं आढळलं. परदेशात राहणाऱ्यांनो, इकडून नेलेली पुडी ‘घरची’ म्हणून निर्धोक समजू नका. कुंकवाची डबी मुलांपासून दूर, आणि लावल्यावर हात धुवायचे.

7. स्वयंपाकघर

इथे थोडक्यात. वडापाव, भजी वर्तमानपत्रात घेऊ नका. छपाईची शाई तेलात उतरते आणि अन्नासाठी वर्तमानपत्र वापरायला नियमाने बंदी आहे. घरी तळणीचं तेल टिपायलाही नको. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं की 100 मिलिलिटर गरम पाण्यात 15 मिनिटांत सुमारे 25,000 सूक्ष्म प्लास्टिककण उतरतात. चहा पिशवीतून आणण्याबद्दल वेगळं सांगायला नको. ऑफिसला स्टीलचा कप न्या.

नॉनस्टिक तवा रिकामा तापवत ठेवू नका. सुमारे 260 अंशांच्या पुढे लेप विघटित होऊ लागतो. ओरखडे पडलेला तवा काढा आणि बिडाचा आणा, भाकरी त्यावरच चांगली होते. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चिंच, ताक, टोमॅटो शिजवू नका. पितळेची भांडी वापरात असतील तर कल्हई ताजी हवी, आणि ती शुद्ध कथलाची आहे का हे कल्हईवाल्याला स्पष्ट विचारा, कारण स्वस्तात शिसं मिसळलं जातं. भेसळ टाळायची तर हळद शक्यतो हळकुंडं आणून दळून घ्या.

8. लेबल वाचताना फसू नका

‘हर्बल’, ‘नॅचरल’, ‘केमिकल-फ्री’ या शब्दांवरून आत काय आहे ते कळत नाही. पुढची बाजू सोडा आणि मागची यादी वाचा. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ या एका शब्दाखाली डझनावारी रसायनं असू शकतात, म्हणून जे अंगावर राहतं ते बिनवासाचं घ्या. रूम फ्रेशनर काढून टाकून खिडकी उघडा.

‘पॅराबेन-फ्री’ला भुलू नका (पॅराबेन म्हणजे माल टिकावा म्हणून घालतात ती रसायनं). पॅराबेन काढून त्याजागी मिथाइलआयसोथायाझोलिनोन घातलेलं असेल तर ॲलर्जीचा त्रास जास्त. न धुतल्या जाणाऱ्या क्रीममध्ये युरोपीय संघाने ते बंद केलं आहे. डीएमडीएम हायडँटॉइन किंवा क्वाटर्नियम-15 दिसलं तर त्यातून थोडं थोडं फॉर्मल्डिहाइड सुटतं. ही तीन नावं मोबाइलमध्ये टिपून ठेवा, दुकानात उभ्या उभ्या एवढंच जमतं.

आणि घरगुती म्हणजे सौम्यच असं नाही. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात गेल्यास कातडी भाजते. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर चांगलंच झोंबतं.

9. काढलेलं कुठे टाकायचं

ॲसिड, कीटकनाशक, थिनर मोरीत ओतू नका. झाकण घट्ट करून वेगळ्या पिशवीत घाला, वर मार्करने ‘घातक’ लिहा आणि घंटागाडीवाल्याच्या हातात सांगून द्या, किंवा वॉर्ड ऑफिसला विचारा. घरगुती घातक कचरा वेगळा देण्याची तरतूद घनकचरा नियमांत आहे. पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर झाडू मारू नका, पारा बारीक होऊन पसरतो. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, जाड कागदाने गोळ्या गोळा करून झाकणाच्या बरणीत ठेवा.

जुन्या घराचा रंग कोरडा खरवडू नका, आधी ओला करा. घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाखांत 90 भाग अशी झाली ती नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीचे थर तुमच्या दारा-खिडक्यांवर असू शकतात.

संशयास्पद क्रीम किंवा कुंकवाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते (1800-222-365), ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. बिल, बॅच क्रमांक आणि फोटो जवळ ठेवूनच फोन करा.

10. फ्रिजवर हे लावून ठेवा

मुलाने काही गिळलं तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी पाजू नका. ॲसिड आणि रॉकेल वर येताना पुन्हा इजा करतात. कातडीला किंवा डोळ्यांत गेलं असेल तर वाहत्या पाण्याखाली निदान 15 मिनिटं धुवा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र चोवीस तास उत्तर देतं: 1800-116-117. रुग्णवाहिका 108. बाटली सोबत न्या, लेबलसकट.